अजबबंगल्याच्या पाट्या आणि एकोडीची भिंत

नागपूरच्या मध्यवर्ती वस्तुसंग्रहालयाला आमच्या झाडीपट्टीतला माणूस आजही अजबबंगलाच म्हणतो. १८६३ साली, सर रिचर्ड टेम्पल मध्यप्रांताचे चीफ कमिशनर असताना, ते उभे राहिले. प्रांत तयार होऊन तेव्हा अवघी दोन वर्षे झाली होती. नव्या मुलखात काय पिकते, जमिनीतून काय निघते, कोण राहते, याची मोजदाद साहेबाला हवी होती आणि संग्रहालय हे त्या मोजदादीचेच एक दालन होते. लोकांनी तेथे फक्त अजब पाहिले. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलेली एकोडीची माणसे दुसऱ्या दिवशी अजबबंगला पाहून परतत. माझी आजी तेथल्या पेंढा भरलेल्या वाघाचे वर्णन वर्षभर करी. चित्रदालनाविषयी मात्र तिच्या तोंडून एक शब्द ऐकल्याचे मला आठवत नाही.

या मोजदादीने कोठवर मजल मारली होती? १८६६-६७ मध्ये जबलपूरला मोठे प्रदर्शन भरले. धान्य, लाकूड, कापड यांच्याबरोबर तेथे जिवंत माणसे आणली गेली. गोंड आणि इतर आदिवासींना समितीपुढे उभे करून तपासण्यात आले, आणि त्या समितीचा अहवाल १८६८ साली नागपुरात छापला गेला. अहवालाच्या शीर्षकातच या माणसांसाठी ‘नमुने’ या अर्थाचा शब्द आहे. ज्वारीचा नमुना, सागाचा नमुना, तसा माणसाचा नमुना! आपल्या कलादालनांचा इतिहास राजेरजवाड्यांच्या रसिकतेपासून सांगण्याची प्रथा आहे. आमचा त्या इतिहासातला प्रवेश मात्र असा, मोजपट्टीखालून झाला.

पुढे १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांचे मध्यप्रांतातील जातीजमातींवरचे चार खंड निघाले. त्यांत महारांवर दीर्घ टिपण आहे आणि जाडेभरडे कापड विणणे हा त्यांचा एक धंदा म्हणून नोंदलेला आहे. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरणीचे सूत आणि कापड खेड्यांत शिरले, आणि हातमाग हळूहळू बसले. ज्यांचे माग बसले, त्यांतले कितीतरी त्याच गिरण्यांच्या दारात मजूर म्हणून उभे राहिले. संग्रहालयांच्या जुन्या रीतीप्रमाणे कापडाच्या पाटीवर जिल्हा येतो, फार तर जात येते. विणणाऱ्याचे नाव येत नाही. जात लिहिता येते आणि नाव लिहिता येत नाही, ही कसली शास्त्रीयता?

नाव लिहिण्याची चाल या मातीला नवी नव्हती. वैनगंगेच्या काठी, आमच्याच भंडारा जिल्ह्यात, पवनीला १९६९-७० साली भारतीय पुरातत्त्व विभाग आणि नागपूर विद्यापीठ यांनी उत्खनन केले. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली जगन्नाथ टेकडीवरचा स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे आहेत. एका शिल्पावर मुचलिंद नागाचे नाव कोरलेले आहे. १९५६ साली धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच का निवडले हे सांगताना बाबासाहेबांनी नाग लोकांचा उल्लेख केला, तेव्हा पवनीचा हा दगड मातीखालीच होता. राजाचे नव्हे, दगडाच्या एका खांबापुरते दान देणाऱ्या साध्या माणसाचे नाव दोन हजार वर्षे टिकले. आणि माझ्या पणज्याच्या पिढीतल्या विणकराचे नाव दीडशे वर्षेही टिकले नाही.

आज नागपुरात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. १९८६ साली ते स्थापन झाले. तेथे चित्रे लागतात, नाचगाणी होतात, कारागीर आपल्या हाताने वस्तू घडवून दाखवतात. जबलपूरच्या मांडवापेक्षा हे निश्चितच वेगळे आहे, कारण कारागीर स्वतः बोलतो, भाव करतो, नको असेल तर उठून जातो. पण माझे विद्यार्थी तेथे जाताना चपला कोठे काढायच्या असे विचारतात, हेही मी पाहतो. दार उघडे असणे आणि आत आपले काही असणे या दोन गोष्टी आहेत.

एकोडीच्या विहाराच्या दारात कोणी असे विचारत नाही. तेथे लग्ने लागतात, जयंतीची वर्गणी मोजली जाते, परीक्षेच्या दिवसांत पोरे रात्री अभ्यासाला बसतात, मंडईच्या आधी गाण्यांची तालीम चालते. भिंतीवर तथागत, बाबासाहेब, रमाई, जोतीराव, सावित्रीबाई यांच्या तसबिरी. दाराशी देणगीदारांची फरशी आहे आणि तिच्यावर एक्कावन्न रुपये देणाऱ्या मजूर बायांचीही नावे आहेत. पवनीच्या कठड्याची आठवण मला येथे येते, अजबबंगल्यात येत नाही.

याच विहाराची एक भिंत गेल्या वर्षी आम्ही मोकळी केली. वस्तीचा इतिहास तेथे मांडायचा होता. मोडक्या मागाचा धोटा मिळाला, समता सैनिक दलाची टोपी मिळाली. मग मी आमच्या माळ्यावरची कोतवालकीची काठी आणि मेलेली ढोरे ओढण्याचा दोर लावावा असे सुचवले. आजा ताडकन म्हणाला, “बाबू, जे फेकाले आमची जिंदगी गेली, थे तू भितीले कायले टांगून रायला?”

नागपुरात जन्मलेले चित्रकार सवी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य पुन्हा पुन्हा रंगवला आहे. मी ती चित्रे आज्याला पुस्तकातून दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, हा चित्रातला माणूस आहे, दोर माझ्या बापाचा आहे. या उत्तरापुढे माझे इतिहासशास्त्र अपुरे पडते, हे मान्य केले पाहिजे. तरीही दोर लपवला तर उद्याची पोरे पाठ्यपुस्तकातले गुळमुळीत वाक्यच खरे मानतील, असे मला वाटते, आणि ते मी सभेत बोललो. बायांचे म्हणणे तिसरेच निघाले: दोर लावा, पण ज्या दिवशी तो टाकला ती तारीख आणि टाकणाऱ्यांची नावे वर मोठ्या अक्षरांत लिहा, दोर खाली.

नावे गोळा करणे चालू आहे. आजपर्यंत सतरा मिळाली. दोर अजून माळ्यावरच आहे.