एका रात्रीत वाढलेलं बीपी

आपल्याकडे 'त्यांना बीपी आहे' म्हणतात, जणू बाकीच्यांना ते नसतंच! पण अख्ख्या देशात किती जणांना आहे, हे मोजायचं कसं? दवाखान्यातल्या नोंदींवर भागत नाही. ज्याला काही त्रासच नाही तो तिथे जाईल कशाला?

अमेरिकेत १९५६ साली आरोग्य पाहणीचा कायदा झाला. १९६० ते १९६२ या काळात १८ ते ७९ वयाची ७,७१० माणसं निवडली, ट्रेलरमधले फिरते दवाखाने जागोजागी नेले आणि त्यातल्या ६,६७२ जणांना तपासलं. मला कुतूहल वाटतं ते न आलेल्या हजारभरांचं. ते जास्त आजारी होते की जास्त धडधाकट? सगळं गणित त्यावर हलतं.

तेव्हा १६०/९५ म्हणजे पक्कं बीपी. पुढे रेघ १४०/९० वर आली. २०१७ मध्ये तिथल्या हृदयतज्ज्ञांनी ती १३०/८० वर आणली, आणि ३२ टक्क्यांच्या आसपासचं प्रमाण ४६ वर गेलं. एकाचाही दाब न वाढता! (नव्याने मोजल्या गेलेल्या बहुतेकांना गोळी नव्हे, मीठ कमी आणि चालणं जास्त, एवढंच सांगितलं होतं.)

युरोपवाल्यांनी २०१८ मध्ये १४०/९० च कायम ठेवलं. माझं १३४/८४ असतं. म्हणजे अटलांटिकच्या एका काठावर मला बीपी आहे, दुसऱ्यावर नाही.