पाढे: पाठांतर आणि कृती

शिक्षणाच्या इतिहासाविषयी एक समज वारंवार आढळतो: जुन्या शाळेत मुले पाढे नुसते घोकत, नव्या शाळेत ती कृतीतून शिकतात. हा समज कितपत टिकतो, ते या टिपणात पाहू.

सुरुवात बल्लारीपासून करू. बेंगळुरूच्या उत्तरेकडचा हा जिल्हा तेव्हा मद्रास इलाख्यात होता. तेथील कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल यांनी १८२३ मध्ये देशी शाळांविषयी अहवाल पाठवला. त्यानुसार शाळेत आलेले मूल प्रथम वाळूत बोटाने अक्षरे गिरवत असे. पुढे पाढे, अपूर्णांक आणि नाणी-वजने-मापांचे हिशेब येत. पुढे गेलेली मुले मागच्यांना शिकवत. ही पद्धत कॅम्पबेल यांना स्तुत्य वाटली. मात्र पाठ केलेल्या पद्यांचा अर्थ मुलांना कळत नाही, अशी टीकाही त्यांनी केली. हाताची कृती आणि पाठांतर एकाच शाळेत नांदत होते, हे लक्षात घ्या.

पाठांतरालाही व्यवहाराचा आधार होता. महाराष्ट्रातले अपूर्णांकांचे पाढे पाहा: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. समजा, गुळाचा भाव शेराला सहा आणे आहे आणि तुम्हाला सवा शेर गूळ हवा आहे. सवायकीत सहाचे उत्तर साडेसात. तेवढे आणे द्यायचे. रुपयाचे १६ आणे आणि शेराचे चार पाव असताना हा पाढा दुकानात रोज उपयोगी पडे. पाढ्याचा अर्थ बाजारच शिकवत असे.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे १०० नये पैसे झाले. पुढच्या काही वर्षांत शेराची जागा किलोग्रॅमने घेतली. सवायकी-दिडकीची रोजची गरज ओसरली. पूर्णांकांचे पाढे शाळेत राहिले, पण पूर्वी बाहेरून मिळणारा अर्थाचा आधार आता वर्गातच उभा करणे भाग होते.

बेंगळुरूचे आजचे उदाहरण या दृष्टीने वाचा. २००० साली तेथे सुरू झालेल्या अक्षरा फाउंडेशनने कर्नाटक शासनाच्या सहकार्याने सरकारी प्राथमिक शाळांत ‘गणित कलिका आंदोलन’ नेले. कन्नडमध्ये ‘कलिका’ म्हणजे शिकणे. चौथी-पाचवीच्या वर्गांना एक गणित-संच मिळतो. त्यात मणिचौकट, फासे, खेळातल्या नोटा, अपूर्णांकांच्या पट्ट्या असे साहित्य असते, आणि मुले गटाने ते हाताळतात.

अशा कृतीने नेमके काय साधते? चिंचोके घ्या आणि सहा-सहाच्या सात ओळी मांडा. बाजू बदलून पाहिले, तर सात-सातच्या सहा ओळी दिसतात. ‘सात सक बेचाळीस’ आणि ‘सहा साती बेचाळीस’ ही एकच मांडणी आहे. आता पाच ओळींनंतर काडी ठेवा: वर ३०, खाली १२. पाढा विसरलेल्या मुलाला आता उत्तरापर्यंत जायची वाट सापडते. पण मोठा भागाकार करताना दर वेळी चिंचोके मांडता येत नाहीत. तिथे पाठ असलेला पाढाच वेळ वाचवतो. कृती अर्थ देते, पाठांतर वेग देते.

मग जुन्या आणि नव्या शाळेत खरा फरक कुठे आहे? कॅम्पबेल यांच्या आकड्यांत ६,३९८ हिंदू विद्यार्थ्यांपैकी मुली केवळ ६० होत्या. घरच्या गरिबीमुळे अनेक मुले शाळेपर्यंत पोहोचत नाहीत, हेही त्यांनी नोंदवले. वाळू फुकट होती, तरी तिच्यापुढे बसण्याची संधी फार थोड्यांना होती. म्हणून आजच्या संचाची कसोटीही तीच ठेवा: तो कपाटात आहे, की मागच्या बाकावरच्या मुलीच्या हातात?

स्वाध्याय: घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वयस्क व्यक्तीला विचारा, की त्यांनी कोणकोणते पाढे पाठ केले होते आणि ते कोणत्या व्यवहारात वापरले. उत्तरे पाढ्यांनुसार नोंदवा आणि त्यांतील कोणता व्यवहार आज उरला नाही, ते लिहा.