बैलगाडीच्या शर्यती, पनवेल परिसरातील

हलक्या, दोन चाकी गाडीस बैलांची जोडी जुंपून ठरावीक अंतर प्रतिस्पर्ध्याच्या आधी अथवा कमीत कमी वेळात पार करण्याचा ग्रामीण खेळ. महाराष्ट्रात तो बैलगाडा शर्यत, छकड्यांची शर्यत, शंकरपट अशा भिन्न नावांनी प्रचलित आहे. रायगड जिल्ह्यातील (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) पनवेल तालुका हे या खेळाचे कोकणातील एक प्रमुख केंद्र होय. भातशेतीच्या प्रदेशात वाढलेला हा खेळ शेती मागे हटून शहर उभे राहिल्यावरही तेथे टिकून राहिला, किंबहुना अधिक खर्चिक व चुरशीचा झाला. त्यामुळे पनवेलच्या शर्यतींचा इतिहास हा बैलाच्या बदललेल्या स्थानाचाही इतिहास ठरतो.

प्राचीन उल्लेख : बैल जुंपलेल्या रथाच्या शर्यतीचा अतिप्राचीन उल्लेख ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आढळतो. मुद्गल ऋषीच्या रथाला बैल जुंपलेला होता आणि त्याची पत्नी मुद्गलानी हिने सारथ्य करून विजय मिळविला, असा त्यातील १०२ व्या सूक्ताचा आशय आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतील रोमन लेखक ईलियन याने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात भारतातील वेगवान बैलांच्या शर्यतींचे वर्णन केले आहे. मध्ये घोडा व दोन्ही बाजूंस बैल जुंपलेले रथ पळविले जात आणि त्यांवर सोन्यारुप्याच्या पैजा लागत, असे तो सांगतो. बैलांच्या जोडीने घोडा पळविण्याची व पैज लावण्याची प्रथा किती जुनी आहे, हे यावरून लक्षात येते.

पनवेल व बैलगाडी : मुंबईहून गलबताने पनवेलच्या बंदरात उतरावयाचे आणि तेथून खुष्कीने बोरघाटमार्गे पुण्यास जावयाचे, हा लोहमार्गापूर्वीचा नित्याचा प्रवास होता. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत बोरघाट चाकाच्या गाड्यांसाठी खुला झाला आणि पनवेल हे गाडीवानांचे मुक्कामाचे ठिकाण बनले. येथील सुतारांनी केलेल्या गाडीच्या चाकांना मोठी मागणी असे. इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरांत हा पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून नोंदविला असून घाटमाथ्यावरून उतरणारे गाडीवान ही चाके विकत घेऊन जात, असे त्यांत म्हटले आहे. १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका स्थापन झाली. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाल्यावर पुण्याची वाहतूक त्या मार्गाने वळली आणि पनवेलचे व्यापारी महत्त्व ओसरले; गावोगावच्या शेतकऱ्याच्या दारातील बैलजोडी मात्र कायम राहिली.

या भागात भाताचे एकच मुख्य पीक निघते. दिवाळीच्या सुमारास कापणी उरकली की शेते मोकळी होतात आणि पुढे पावसाळ्यापर्यंत बैलांना फारसे काम उरत नाही. कोरडी, सपाट भातखाचरे, सवड असलेला शेतकरी आणि गावोगावच्या जत्रा या तिन्हींच्या मेळातून शर्यतींचा हंगाम आकारास आला. आगरी, कराडी, कुणबी आदी शेतकरी समाजांत गाडी जिंकणे ही घराची व गावाची प्रतिष्ठा मानली जाई. शेजारच्या अलिबाग व मुरूड तालुक्यांत समुद्राच्या ओहोटीनंतर उघड्या पडणाऱ्या घट्ट वाळूवर शर्यती होत.

शर्यतीचे प्रकार : महाराष्ट्रात या खेळाची पद्धत प्रदेशपरत्वे बदलते. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर, आंबेगाव, खेड व मावळ या तालुक्यांत ‘घाट’ नावाच्या चढत्या धावपट्टीवर एका वेळी एकच गाडा सोडतात. गाड्यास चार बैल असून त्यांच्यापुढे स्वार बसलेली घोडी धावते. प्रत्येक धावेस ‘बारी’ म्हणतात. तिचा वेळ घड्याळावर मोजून गाड्यांचे क्रमांक लावतात. सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत अनेक छकडे आपापल्या चाकोरीतून एकाच वेळी पळतात. गटातील विजेते उपांत्य व त्यानंतर अंतिम फेरीत येतात. विदर्भात शंकरपट भरतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील पट विशेष प्रसिद्ध आहे.

पनवेल, उरण, कल्याण व अंबरनाथ या पट्ट्यात ‘बिनजोड’ हा प्रकार लोकप्रिय आहे. ज्याला जोड नाही तो बिनजोड, असा त्याचा शब्दशः अर्थ. एका गाडामालकाने आपल्या बैलाचे नाव पुकारावयाचे व दुसऱ्याने ते आव्हान स्वीकारावयाचे, अशा रीतीने दोनच गाड्या शेजारी-शेजारी पळतात आणि निकाल तेथेच लागतो. येथे गटवारी, उपांत्य फेरी वा वेळेची नोंद यांना महत्त्व नसते. कोणी कोणाला हरविले, हेच लोकांच्या स्मरणात राहते.

गाडी पळविण्यामागे बरीच माणसे राबतात. बैलाचा मालक, त्याची रोजची निगा राखणारे, सुरुवातीच्या रेषेवर बैल धरून नेमक्या क्षणी सोडणारे आणि गाडी हाकणारा यांचा मिळून एक संच होतो. जोडीतील दोन्ही बैल एकाच मालकाचे असतातच असे नाही. उजव्या बाजूने चांगला पळणारा बैल एकाचा व डाव्या बाजूचा दुसऱ्याचा, अशी जुळणी नेहमी होते. शेतीच्या हंगामात एकमेकांस बैल देण्याच्या जुन्या रीतीचेच हे शर्यतीतील रूप म्हणता येईल. हाकणाऱ्याचे कौशल्य बैलांना सरळ रेषेत ठेवण्यात व दोहोंचा वेग सारखा राखण्यात असते. शर्यतीसाठी मुख्यतः खिल्लार जातीचे बैल पसंत करतात. माणदेश हे या जातीचे माहेरघर असून सांगली जिल्ह्यातील खरसुंडीसारख्या यात्रांतील बाजारांत त्यांची मोठी खरेदी-विक्री होते. कर्नाटकातील हळ्ळीकार जातीचे बैलही पळविले जातात.

नवी मुंबई व बैल : १९७० मध्ये सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादन करण्याचे ठरले. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी दीर्घ लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या गोळीबारांत पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. त्यानंतर विकसित भूखंडांच्या रूपाने मोबदला देण्याचे धोरण पुढे आले. कालांतराने भातखाचरांच्या जागी वसाहती, रस्ते व गोदामे उभी राहिली. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली, तर २०२५ मध्ये नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन झाले.

नांगर व वाहतूक ही दोन्ही कामे बैलाकडून गेली. एरवी अशा स्थितीत बैलही नाहीसा व्हावयाचा. परंतु शर्यतीमुळे तो दारात राहिला. पूर्वी शेतात राबणारा बैल सवडीच्या काळात शर्यतीत पळे. आता केवळ शर्यतीसाठीच बैल पाळला जाऊ लागला. त्याचा खुराक व देखभाल यांवर मोठा खर्च होऊ लागला आणि नामवंत बैलांच्या किंमती लाखांच्या घरात गेल्या. पनवेल तालुक्यातील विहीघरचे पंढरीनाथ फडके (मृत्यू २०२४) यांनी याच काळात शर्यतींच्या क्षेत्रात राज्यभर नाव मिळविले. त्यांचा ‘बादल’ हा बैल विशेष गाजला.

बंदी व कायदा : वेग वाढविण्यासाठी बैलांना चाबकाने मारणे, टोचणे, शेपटी पिरगाळणे, विजेचा धक्का देणे असे प्रकार होत असल्याच्या तक्रारी प्राणिमित्र संघटनांनी दीर्घकाळ केल्या होत्या. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय अधिनियमाखाली केंद्र शासनाने ११ जुलै २०११ रोजी अधिसूचना काढून, ज्यांचे खेळ करण्यास मनाई आहे अशा प्राण्यांत बैलाचा समावेश केला. महाराष्ट्र शासनाने त्यानुसार शर्यतींवर बंदी घातली व मार्च २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू व महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यती या दोन्ही अवैध ठरविल्या. बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणे शर्यतीत धावण्यास योग्य नाही आणि अनावश्यक वेदनांपासून मुक्त राहणे हा प्राण्याचा हक्क आहे, ही या निर्णयाची मुख्य सूत्रे होती.

बंदीच्या काळात अनेक ठिकाणी चोरून शर्यती होत आणि आयोजकांवर गुन्हे दाखल होत. खिल्लार बैलांची मागणी घटून पशुपालकांचे नुकसान झाले, असे गाडामालकांच्या संघटनांचे म्हणणे होते. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने केंद्रीय अधिनियमात राज्यापुरती दुरुस्ती केली. नियमांच्या अधीन राहून, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीने शर्यत घेण्यास तिने मुभा दिली आणि नियमभंगासाठी पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास ठरविला. तथापि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी देण्यास मनाई केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये तमिळनाडू व महाराष्ट्राच्या दुरुस्त्यांचा प्रश्न घटनापीठाकडे सोपविण्यात आला. इतर राज्यांत असे खेळ चालू असता केवळ महाराष्ट्रात ते बंद ठेवणे योग्य नाही, या भूमिकेतून १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरती मोकळीक दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. नव्या तरतुदींमुळे प्राण्यांच्या वेदना बऱ्याच अंशी कमी होतात, असे मानून न्यायालयाने नियमांच्या कडक अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली. बैलांची पशुवैद्यकीय तपासणी, योग्य धावपट्टी आणि चाबूक, काठी वा अन्य इजाकारक साधनांस मनाई या बाबी अटींत अंतर्भूत आहेत.

अजिंक्यपदाचा प्रश्न : शर्यती पुन्हा सुरू झाल्यावर बक्षिसांचे स्वरूप पालटले. फेटा, ढाल व रोख रक्कम यांच्या जोडीला दुचाकी, ट्रॅक्टर व मोटारी ठेवण्यात येऊ लागल्या. मात्र वर्षाचा सर्वश्रेष्ठ बैल वा चालक कोणता, हे ठरविणारी राज्यव्यापी गुणपद्धती रूढ झालेली नाही. ‘घाटाचा राजा’ किंवा ‘हिंदकेसरी’ हे किताब त्या त्या यात्रेचे व मैदानाचे असतात.

या संदर्भात अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींशी तुलना उद्‌बोधक ठरते. विक्रीसाठी तयार होणाऱ्या साध्या मोटारींवर आधारलेला हा खेळ दक्षिणेकडील ग्रामीण भागात वाढला. फ्लॉरिडातील डेटोना येथे १९५८ पर्यंत त्याच्या शर्यतींचा काही भाग समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवरून जात असे. आरंभी तोही विखुरलेला व भांडणांनी ग्रासलेला होता. १९४८ मध्ये बिल फ्रान्सच्या पुढाकाराने नॅसकार ही संस्था स्थापन झाली, समान नियम व गुणतक्ता आला आणि हंगामभराच्या कामगिरीवर विजेता ठरू लागला. १९९२ मध्ये ॲलन कुल्विकीने बिल इलियटवर अवघ्या दहा गुणांनी मात केली. २०११ मध्ये टोनी स्ट्यूअर्ट व कार्ल एडवर्ड्‌स यांचे गुण समान झाले आणि अधिक शर्यती जिंकल्यामुळे स्ट्यूअर्टला अजिंक्यपद मिळाले. निकाल इतका निकटचा असूनही वाद उरला नाही; कारण मोजमाप आधीच ठरलेले होते. भारताचा नारायण कार्तिकेयन हाही २०१० मध्ये या संस्थेच्या ट्रक मालिकेत उतरला होता.

बिनजोड शर्यतीत असे तटस्थ मोजमाप नसल्याने पराभव हा व्यक्तीचा व गावाचा अपमान ठरू शकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथ येथे शर्यतीच्या वैरातून गोळीबार झाला, ही त्याची गंभीर परिणती होय. २०१७ नंतरच्या कायद्याने बैलाच्या रक्षणाची व्यवस्था लावली. परंतु नोंदी, पंच, गुणगणना व तक्रारनिवारण यांची व्यवस्था खेळाडूंनीच उभारावयाची आहे. भातखाचरे झपाट्याने नाहीशी होत असलेल्या पनवेलसारख्या तालुक्यात धावपट्टीस जागा मिळणे हाही पुढचा प्रश्न आहे. न्यायालयाने दिलेली अनुमती नियमपालनावर अवलंबून असल्याने या खेळाचे भवितव्य पुष्कळ अंशी गाडामालक, चालक व आयोजक यांच्या वर्तनावर ठरेल.