एका फेरीचा संप

शर्यतींचा इतिहास विजेत्यांच्या नावांनी लिहिला जातो. १९५६ सालच्या मोटारसायकल शर्यतींच्या जागतिक अजिंक्यपदाचा तक्ता पाहिला, तर ५०० सी.सी.च्या वर्गात पहिले नाव जॉन सर्टीज ह्या तरुण इंग्रजाचे आहे. यंत्र इटलीचे एम.व्ही. अगुस्ता, गुण २४. दुसरा जर्मनीचा वाल्टर झेलर, तिसरा इंग्लंडचाच जॉन हार्टल. आदली तीन वर्षे लागोपाठ अजिंक्य ठरलेला जेफ ड्यूक मात्र ८ गुणांवर कुठे तरी खाली पडलेला दिसतो. त्याचे कसब आटले होते काय? यंत्र जुने झाले होते काय? तसे काही घडलेले नव्हते. त्या वर्षी जूनअखेरपर्यंत त्याला शर्यतीत उतरण्याची बंदी होती, आणि ती बंदी एका संपाला पाठिंबा दिल्याबद्दल होती. आम्ही कामगार चळवळीतली माणसे; शर्यतीच्या यंत्रांविषयी आम्हांला जे ठाऊक ते वाचूनच. पण ही हकीकत वाचली तेव्हा ती आम्हांला मुळीच परकी वाटली नाही.

ह्या जागतिक शर्यती १९४९ साली सुरू झाल्या. त्यांचा कारभार आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाकडे होता. महासंघ म्हणजे देशोदेशींच्या संघटनांचा मेळ. स्वाराचा परवाना ह्या संघटनांच्या हाती, शर्यतीचे नियम महासंघाच्या हाती आणि शिक्षाही त्याच्याच हाती.

स्वारांत दोन थर होते. गिलेरा, मोटो गुझ्झी, एम.व्ही. अशा कारखान्यांचे मूठभर स्वार. त्यांना यंत्र, कारागीर आणि ठरलेली रक्कम कारखान्याकडून मिळे. बाकीचे खाजगी स्वार. हे लोक पदरच्या पैशाने नॉर्टन किंवा ए.जे.एस.चे यंत्र विकत घेत, एका गाडीत यंत्र, हत्यारे आणि अंथरूण भरत आणि वसंतापासून शरदापर्यंत युरोपभर गावोगाव हिंडत. मोठे बक्षीस त्यांच्या वाट्याला क्वचितच येई, ५०० सी.सी.त गिलेराच्या चार सिलिंडरांपुढे त्यांच्या एका सिलिंडरची मात्रा किती चालणार? त्यांचा संसार चाले तो मुख्यतः ‘सुरुवातीच्या पैशा’वर, म्हणजे शर्यतीला येऊन उभे राहिल्याबद्दल संयोजक जी रक्कम देत तिच्यावर. ती ठरायची कशी? प्रत्येक स्वाराने प्रत्येक संयोजकाला वेगळे पत्र लिहावे आणि मिळेल ते पदरात घ्यावे. त्यातही शर्यत जितकी मोठी तितका संयोजकाचा हात आखडता. जागतिक गुणांसाठी स्वार आपण होऊन येणारच, हे त्याला पक्के माहीत असे. ज्या शर्यतीला अफाट गर्दी लोटे, त्याच शर्यतीत गर्दी जमवणाऱ्यांपैकी बहुतेकांना कमी पैसे मिळत.

१६ जुलै १९५५, शनिवार. हॉलंडमधील आसेन ह्या गावी १९२५ सालापासून शर्यती होत आल्या होत्या, आणि त्या वर्षी सुमारे पावणेआठ किलोमीटरचा नवा मार्ग बांधून तयार होता. ३५० सी.सी.ची शर्यत सुटली. एक फेरी झाली, आणि खाजगी स्वार एकामागून एक आत वळले व त्यांनी यंत्रे बंद केली. करार सुरुवात करण्याचा होता. सुरुवात त्यांनी केली होती. शर्यत पुढे चालली आणि गुझ्झीच्या केन कॅव्हानाने ती जिंकली. पण मैदान रिकामे झाल्याचे सगळ्यांनी पाहिले.

अजून ५०० सी.सी.ची मुख्य शर्यत व्हायची होती. ह्या वेळी जेफ ड्यूक आणि त्याचा गिलेरातील आयरिश सोबती रेज आर्मस्ट्राँग हे खाजगी स्वारांच्या बाजूने उभे राहिले. ह्या माणसांचा मोबदला वाढला नाही तर आपणही उतरणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ह्यात त्यांचा स्वतःचा लाभ काय? काहीच नाही, त्यांचे पैसे कारखाना देत होता. खाजगी स्वारांवाचून संयोजकांनी दिवस निभावला असता, पण अजिंक्यवीराविना प्रेक्षकांना कोणते तोंड दाखवायचे? संयोजक नमले, रक्कम वाढली, शर्यत झाली. ड्यूक पहिला आला, आर्मस्ट्राँग दुसरा. एका दुपारचे काम!

वर्ष सरता सरता महासंघाने निकाल दिला: ड्यूक, आर्मस्ट्राँग आणि त्यांच्याबरोबर कित्येक खाजगी स्वार १ जानेवारी १९५६ पासून सहा महिने निलंबित. शिक्षा कागदावर सारखी, पण तिचा भार सारखा नव्हता. ड्यूकच्या दृष्टीने सहा महिने म्हणजे अजिंक्यपदाच्या सहा शर्यतींपैकी पहिल्या दोन: आइल ऑफ मॅन आणि आसेन. खाजगी स्वाराच्या दृष्टीने मात्र वसंतातल्या सगळ्या लहानमोठ्या शर्यती, म्हणजे वर्षाची निम्मी भाकरी.

सर्टीजने त्या दोन्ही शर्यती जिंकल्या. बंदी उठल्यावर ड्यूक बेल्जियममधील स्पा येथे परतला आणि पुढे होता, तोच यंत्राने दगा दिला. तीही शर्यत सर्टीजचीच झाली. पुढे जर्मनीत सर्टीज पडला, त्याचा हात मोडला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला; तरी तीन विजयांचे २४ गुण कुणाला गाठता आले नाहीत. ड्यूकने शेवटची मॉन्झाची शर्यत तेवढी जिंकली. सर्टीजचे श्रेय आम्ही तसूभरही कमी करू इच्छीत नाही. बंदी नसती तर ड्यूकच जिंकला असता, असेही कुणी छातीठोक सांगू नये. पण दोन शर्यती त्याला लढूच दिल्या नाहीत, ही गोष्ट तक्त्यात कुठे दिसत नाही. त्यानंतर जागतिक अजिंक्यपद त्याला पुन्हा मिळाले नाही.

आता प्रश्न असा की, जुलैत जिंकलेली लढाई वर्ष संपण्याआधी हरली कशी? आमच्या धंद्यातला कोणीही सांगेल. तडजोड झाली ती आसेनच्या संयोजकांशी, शिक्षा दिली ती महासंघाने. आम्ही संप मिटवतो तेव्हा पगारवाढीच्या कलमाइतकेच ‘कुणावर सूड घेतला जाणार नाही’ हे कलम डोळ्यांत तेल घालून पाहतो. पण ते कलम पाळून घ्यायला दुसऱ्या दिवशीही जिवंत असणारी संघटना लागते. आसेनची माणसे संध्याकाळी गाड्या भरून दहा वाटांनी पांगली. महासंघाला कचेरी होती, बैठका होत्या, इतिवृत्त होते. ह्यांच्याकडे एका दुपारचा एकोपा होता. तो खरा होता, पण थंडीपर्यंत टिकेल अशी त्याची बांधणी नव्हती.

पुढची पिढी हळूहळू शिकली. १९७९ साली स्पा येथे नव्या डांबरावर चाके घसरू लागली, तेव्हा अमेरिकेच्या केनी रॉबर्ट्ससह आघाडीच्या स्वारांनी उतरण्यास नकार दिला, आणि त्याच वर्षी स्वतःच्या वेगळ्या शर्यती भरवण्याची घोषणा केली. त्या शर्यती भरल्या नाहीत. पण तेवढ्या धाकानेच महासंघाने बक्षिसांच्या रकमा वाढवल्या. १९८६ साली शर्यतीतील पथकांची कायम संघटना झाली. ती पथकांची, स्वारांची नव्हे, हा फरक आमच्या श्रोत्यांना वेगळा सांगायला नको.

ड्यूक २०१५ साली वयाच्या ९२ व्या वर्षी वारला. त्याच्या नावावर सहा जागतिक अजिंक्यपदे आहेत, आणि खेळाच्या इतिहासात त्याची गणना त्यांवरून होते. आम्ही त्या सहांच्या शेजारी १९५६ चे गमावलेले वर्षही मांडतो. कारण ते त्याने स्वतःच्या पगारासाठी गमावले नव्हते. आणि त्याच्याबरोबर ज्या खाजगी स्वारांनी अर्धे वर्ष घरी काढले, त्यांचीही आठवण ह्या व्यासपीठावरून एकदा व्हावी, एवढ्यासाठी हे चार शब्द बोललो.