जहाजाचा पोलादी पाळणा आणि समुद्र नसलेला खानदेश

१/ खानदेशाला समुद्रकिनारा नाही. तरीही पाण्याबाहेर काढलेले जहाज कशावर उभे राहते, या प्रश्नाच्या इतिहासात धरणगाव, डांगचे अरण्य आणि नर्मदाकाठचे धडगाव या तिन्ही नावांना स्थान आहे. या सूत्रात त्याच इतिहासाचा मागोवा.

२/ प्रथम मूळ अडचण. पाण्यात जहाजाचे वजन तळाच्या संपूर्ण बुडालेल्या भागावर पेलले जाते. जमिनीवर तेच वजन मोजक्या जागी एकवटते. आधार चुकला तर कणा वाकतो, टोके खाली झुकतात, फळ्यांचे सांधे उघडतात. यांत्रिक नौकेत इंजिन आणि पंख्याचा दांडा यांची सरळ रेषा ढळते. जमिनीवर जहाजाचा शत्रू त्याचे स्वतःचेच वजन असते.

३/ मराठ्यांच्या आरमाराने हा प्रश्न खडकात सोडवला. विजयदुर्गाजवळ, वाघोटनच्या खाडीत गिर्ये येथे खडक खोदून तयार केलेली गोदी आजही दिसते. तिची लांबी सुमारे १०९ मीटर, रुंदी सुमारे ७० मीटर. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यायचे आणि पाणी ओसरले की टेकूंवर उभे करून तळाची डागडुजी करायची, ही अशा गोदीची रीत.

४/ मुंबईत हे काम सुरतेच्या कारागिरांनी वाढवले. तापीच्या मुखाशी वसलेल्या सुरतेतून लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईला आले. १७५० मध्ये तेथे सुकी गोदी उभी राहिली. १७६२ आणि १७६५ मध्ये तिचे आणखी दोन भाग पूर्ण झाले. दरवाजा बंद करून पाणी काढले की जहाजाचा कणा लाकडी ठोकळ्यांच्या रांगेवर अलगद टेकत असे. बाजूचे टेकू त्याला फक्त कलंडू देत नसत.

५/ जहाजेही सागवानी होती. १८१३ मध्ये मुंबईत जलावतरण झालेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या ७४ तोफांच्या युद्धनौकेवरच १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला. ही भूक मलबारच्या सागवानावर भागत होती. ते सागवान विरळ होऊ लागले, तेव्हा कंपनीची नजर उत्तरेकडे वळली.

६/ येथे खानदेश येतो. जेम्स औट्रमने १८२५ पासून भिल्ल पलटण उभी केली. तिचे ठाणे होते आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगाव. १८३० मध्ये त्याने डांगवर मोहीम नेली. पुढे १८४२ च्या सुमारास इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगलाचे पट्टे लिहून घेतले. हेतू उघड होता : जहाजबांधणीसाठी सागवान. डांगचा कारभार दीर्घकाळ खानदेशच्या कलेक्टरकडेच होता.

७/ त्या राजांच्या वंशजांना आजही होळीच्या सुमारास आहवा येथील डांग दरबारात सालिना मानधन दिले जाते. दरबाराची शोभा पाहताना एक गोष्ट विसरू नये : जंगल गेल्याची ती आठवण आहे. सागवानाच्या प्रत्येक जहाजामागे कोणाचे तरी अरण्य उभे होते.

८/ दरम्यान लाकडाची जागा लोखंड घेऊ लागले. स्कॉटलंडमधील लीथ येथील थॉमस मॉर्टन याने १८१८-१९ च्या सुमारास उतरत्या रुळांवरून चालणारा पाळणा पुढे आणला. पाळणा पाण्याखाली सोडायचा, जहाज त्यावर आणायचे आणि दोघांनाही ओढून वर घ्यायचे. अवाढव्य गोदी खोदण्याचा खर्च वाचला. आजचे पोलादी क्रेडल याच कल्पनेचे वारस आहे.

९/ परंतु पोलाद म्हणजे सुरक्षितता नव्हे. ट्रफाल्गरची विजयी नौका ‘व्हिक्टरी’ १९२२ पासून पोर्ट्समथच्या सुक्या गोदीत आहे. २२ पोलादी पाळण्यांवर ती अनेक दशके उभी होती. मोजणी केली तेव्हा ध्यानात आले की नौका स्वतःच्या वजनाने खचत आहे. पाळणे भक्कम होते, पण थोडे आणि दूरदूर होते.

१०/ उपाय बोलका होता. अलीकडच्या काळात तिच्याभोवती १३४ टेकू बसवण्यात आले. प्रत्येकावरचा भार मोजता येतो आणि टेकू कमी-जास्त करता येतो. पाणी जसे सर्वत्र पेलते, तसे जमिनीवर पेलण्याचा हा प्रयत्न होता.

११/ मोठ्या यांत्रिक नौकेच्या क्रेडलचे शास्त्रही हेच. खाली आय-बीमची चौकट, तिला तिरके बांध. मुख्य भार कण्याखालच्या ठोकळ्यांवर. बाजूचे, रबर लावलेले, स्क्रूने वर-खाली होणारे आधार नौका सरळ ठेवण्यापुरते. ते कोठेही लावून चालत नाही. आतल्या आडभिंती आणि इंजिनाचा पाया जेथे आहेत, त्यांच्याच खाली लावावे लागतात. दोन भिंतींमधला तळ पातळ असतो, तेथे लावलेला आधार तळाला खोक पाडतो.

१२/ आता पुन्हा खानदेशात. पूर्वीच्या धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला. त्यातील धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांची काही गावे सरदार सरोवराच्या पाण्याने वेढली गेली. तेथे आजारी माणसाला दवाखान्यात नेणे हे बोटीवर अवलंबून असते. बोट रुग्णवाहिका याच पाण्यावर फिरतात.

१३/ अशी बोट केव्हातरी पाण्याबाहेर काढावीच लागते. ट्रॅक्टरच्या ट्रॉली आणि शेड तयार करणारे जळगाव-धुळ्याचे कारागीर बीम कापू शकतात, वेल्डिंगही करू शकतात. अवघड आहे ते आधार नेमका कोठे द्यायचा हे ओळखणे. गिर्येच्या खडकापासून पोर्ट्समथच्या १३४ टेकूंपर्यंतचा इतिहास एवढेच शिकवतो. बोट किनाऱ्यावर वाकली, तर पुढचा रुग्ण काठावरच थांबतो.