बिळाशीचा साग

1930 च्या पावसाळ्यात वारणाकाठच्या बिळाशीतल्या लोकांनी सरकारी जंगलातला एक साग तोडला. त्याचा सोट गावात आणून महादेवाच्या देवळासमोर उभा केला आणि त्यावर तिरंगा चढवला. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. दक्षिण सातारा हा जिल्हा 1949 मध्ये वेगळा निघाला आणि त्याचंच नाव पुढे सांगली झालं. कराड तालुक्यात कोयनाकाठच्या तांबवे गावानेही त्याच हंगामात जंगल सत्याग्रह केला. या दोन्ही गावांची नावं आज घेतली जातात ती झेंडा, लाठीमार, तुरुंग यांच्या संदर्भात. कुऱ्हाडीची बाजू मात्र मागे पडली आहे. ध्वजासाठी बांबूची काठी कुठल्याही परड्यात मिळाली असती. मग लोक साग तोडायला का गेले?

कराड, पाटण, शिराळा या पट्ट्यातलं शेतकऱ्याचं घर लाकडावर उभं होतं, हे अतिशयोक्ती न करता म्हणता येतं. वासे, तुळया, कडीपाट तर झालेच. शिवाय नांगर, कुळव, पाभर, मोटेचं थारोळं, बैलगाडी, उखळ, मुसळ. प्रत्येकाचं झाड ठरलेलं. नांगराला आणि चाकाला बाभूळ, कारण ती चिवट. तोडलेली बाभूळ पाण्यात मुरत ठेवायची, म्हणजे कीड लागत नाही आणि लाकूड तडकत नाही. मग तिचा तुंबा, आरे आणि पाट तयार होत आणि त्यावर लोहार तापवलेली लोखंडी धाव चढवी. सुतार बलुतेदार होता. अवजार भरून देणं, दुरुस्त करणं हे त्याचं काम आणि त्याबद्दल त्याला खळ्यावर धान्य मिळे. लाकूड मात्र ज्याचं अवजार त्याने आणायचं. म्हणजे दरवर्षी पेरणीच्या आधी जवळजवळ प्रत्येक कुणब्याला कुठल्या ना कुठल्या झाडाकडे जावंच लागे.

तोडायलाही हात शिकलेला लागतो. सागाची तोड पानगळ झाल्यावर करायची. आधी बुंध्याभोवतीची झुडपं साफ करायची, अंगावर चढलेले वेल तोडायचे. नाहीतर पडणारं झाड शेजारच्याला ओढून आणतं. शेंडा कुठे जड आहे, खोड कुठे कललंय, हे लांबून पाहायचं. ज्या अंगाला पाडायचं त्या अंगाला आधी खाच घ्यायची, साधारण बुंध्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. मग मागच्या बाजूने घाव घालायचे, ते खाचेपेक्षा चार बोटं वर. दोन्हींच्या मध्ये लाकडाची एक पट्टी शिल्लक राहते; झाड तिच्यावर बिजागरीसारखं वळतं आणि ठरलेल्या जागी पडतं. पट्टी एका बाजूने जास्त कापली गेली की झाड फिरतं आणि माणसं मरतात ती इथेच. लाकूड कडकडलं की मागे तिरकं पळायचं, सरळ मागे कधीच नाही, कारण बुंधा उसळून मागेच येतो.

यानंतरचं काम जास्त नाजूक आहे. बुडखा जमिनीलगत तासायचा, पाणी साचू नये म्हणून थोडा उतरता ठेवायचा आणि त्याची साल सुटू द्यायची नाही. अशा बुडख्याला पहिल्याच पावसात फुटवे येतात. त्यातले एक-दोन जोमदार ठेवून बाकीचे काढले की ते रोपापेक्षा झपाट्याने वाढतात, कारण मुळं आधीच खोल गेलेली असतात. सागाचं जंगल कुऱ्हाडीने मरतं ते सहसा या कामात केलेल्या आळसामुळे, किंवा कोवळे फुटवे गुरांनी खाल्ल्यामुळे.

झाडावर हक्क कुणाचा, हा वाद इंग्रजांच्याही आधीचा आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडाविषयी स्पष्ट सूचना आहेत. सागासारखं लाकूड परवानगी घेऊन तोडावं. आंबा, फणस मात्र रयतेने लेकरांसारखे वाढवलेले असतात, त्यांना बळजबरीने हात लावू नये. एखादं झाड अगदीच जुनं झालं असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन ते तोडावं, असा त्याचा आशय. गलबतं बांधणाऱ्या राज्याची लाकडाची भूक आणि कुणब्याचं झाड, दोन्हींचा विचार त्या एका मजकुरात आहे.

पुढच्या राज्यकर्त्यांची भूक कितीतरी मोठी निघाली. मुंबई इलाख्यात 1847 मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन पहिले वनसंरक्षक झाले. 1853 मध्ये रेल्वे सुरू झाली आणि स्लीपरांसाठी टिकाऊ लाकडाला मागणी आली. 1878 च्या कायद्याने जंगलांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग केले. ग्रामवनाची तरतूद मोठ्या प्रमाणावर कागदावरच राहिली. राखीव जंगलात परवानगीवाचून तोडणं, चारणं, राब भाजणं हे गुन्हे ठरले. ज्यांचं मूळ गाव साताऱ्यातलंच कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. जंगलखात्याने गायरानं आणि डोंगर कसे गिळले आणि गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना उभं राहायला जागा कशी उरली नाही, याची तक्रार त्यात आहे.

जंगलखात्याची बाजूही नीट ऐकायला हवी. डोंगर खरोखरच उघडे पडत होते. कोळसा, सरपण आणि व्यापारी तोड यांचा ताण होता, आणि डोंगरउतारावर कुमरी शेतीसाठी रान जाळलं की पहिल्या पावसात माती नदीला जात होती. खात्याने जंगलाचे कूप, म्हणजे तोडीचे भाग, पाडले. एका वर्षी एकच कूप तोडायचा, फुटवे राखायचे आणि काही दशकांनी त्याच जागी परत यायचं. ही पद्धत चांगलीच होती. गावातला जाणता तोडणारा एका झाडाबाबत जे करत होता, तेच खातं सबंध डोंगरावर आखून करत होतं. भांडण तोडीच्या शास्त्राचं नव्हतंच. ओंडक्यावर सरकारी हातोड्याचा शिक्का नसेल तर आपल्याच शिवारालगतचं लाकूड चोरीचं ठरे, आणि हा निर्णय घेताना गावाला कुणी विचारत नव्हतं. खरी चूक तिथे झाली.

मे 1930 मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. सातारकरांना समुद्र नाही, आणि पाऊस लागल्यावर किनाऱ्यावरही मीठ कुठलं? त्यांच्यासमोर जंगल होतं. 10 जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह सुरू केला आणि ही लाट महाराष्ट्रभर पसरली. कोणी गवत कापलं, कोणी फांदी तोडली. बिळाशीने थेट साग पाडला, कारण साग म्हणजे खात्याचं सर्वांत जपलेलं झाड. तो देवळासमोर गाडला तेव्हा कायदा मोडल्याचा पुरावाच गावाने चव्हाट्यावर उभा केला.

त्या सागावरचा ध्वज उतरवायला सप्टेंबरच्या सुरुवातीला पोलिसांची मोठी तुकडी आली. ध्वज राखणाऱ्यांत गावच्या बायका पुढे होत्या. गोळीबार झाला आणि शंकर भाऊ चांभार आणि धोंडी संतू कुंभार यांचे प्राण गेले. ही दोन्ही आडनावं रानावर जगणाऱ्या धंद्यांची आहेत. कुंभाराच्या आव्याला जळण लागतं, चामडं कमवायला बाभळीची साल लागते. जंगलाचा प्रश्न केवळ जमीन कसणाऱ्या कुणब्याचा नव्हता, हे या दोन नावांवरूनही दिसतं. त्याच महिन्यात, 25 सप्टेंबरला, उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहावर याहून मोठा गोळीबार झाला.

लाकडाची गरज पुढे आपोआप घटत गेली. त्याची सुरुवात याच मुलखात झाली होती. 1910 मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि तिथला लोखंडी नांगर हळूहळू बाभळीच्या नांगराच्या जागी आला. मग मोटेऐवजी इंजिन आलं, धावेच्या चाकाऐवजी रबरी चाक. सुतार कपाटं करू लागला. कुऱ्हाडीच्या जागी यांत्रिक करवत आली. ती चार मिनिटांत साग पाडते, पण बुडखा तासायला कोणी थांबत नाही.

कायदा मात्र राहिला. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमानुसार साग, आंबा, फणस, हिरडा, जांभूळ अशी झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी तोडायला परवानगी लागते. बिळाशीच्या वर, वारणेच्या उगमाकडचं जंगल 2004 मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2010 मध्ये कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. तिथे आता काहीच तोडायचं नाही आणि ते योग्यच आहे. पश्चिम घाटाचं एवढं सलग रान दुसरीकडे फार थोडं उरलं आहे.

बांबूचं वेगळं झालं. 1927 च्या वनकायद्यात बांबूही झाडातच मोजला होता. 2017 च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून वगळला. शेतकऱ्याने आपल्या बांधावर लावलेलं बेट आता त्याला वनखात्याच्या तोडपरवान्याशिवाय उतरवता येतं. काम जुनंच आहे. पावसाळा संपल्यावर तीन वर्षांपुढच्या काठ्या निवडायच्या, खालचं एक पेर सोडून कोयता मारायचा आणि यंदाचे कोंब तसेच राहू द्यायचे.