खानदेशातील तालीम आणि संरक्षणाचा प्रश्न

१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. जळगाव व धुळे ही त्यांची मुख्य ठाणी. येथील तालमींत वस्तादाचा शब्द अंतिम मानला जाई. शिस्तीचे बळ त्यातच होते, आणि तक्रारीला जागा नसणेही त्यातच. १९९४ मध्ये उघडकीस आलेले जळगाव प्रकरण क्रीडाक्षेत्रातील नव्हे. तथापि प्रतिष्ठेपुढे पीडित मुलींचा आवाज किती क्षीण ठरतो, हे त्याने दाखविले. २०१२ च्या ‘पोक्सो’ अधिनियमाने बालकावरील लैंगिक अपराधाची खबर देणे बंधनकारक केले. हाताखालील व्यक्तीचा असा अपराध न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास आहे. स्त्रियांसाठी २०१३ च्या कायद्याने क्रीडासंकुलालाही कामाचे ठिकाण मानले. मात्र दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या मंडळातील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडेच न्यावी लागते.